डब्लिनला जाणारा काळा मसाला

मंगलाबाई : आधी तो फोन बंद कर. धनराज ऐकत असंल.

मोहिनी : कोणी ऐकत नाहीये, आत्या. दादा तिकडे डब्लिनला फळ्या ठोकतोय. आपल्या लोकांसाठी दुकान उघडायचंय, पुढच्या आठवड्यात.

मंगलाबाई : मग तुला चांदवडला कशाला धाडलं? मसाल्यात काय काय हाय ते मागंच सांगितलं त्याला.

मोहिनी : सगळं नाही सांगितलंस. मी चिमूटभर मसाला कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. कसल्या तरी बियांची टरफलं होती. मिरची-धण्यांची नव्हती.

मंगलाबाई : घ्या. भाची आली म्हणून मी चहा टाकला, आन् ही माझा मसाला तपासून आलीय.

मोहिनी : पाकिटावर छापावं लागतं. तिकडचा कायदाच आहे.

मंगलाबाई : मग ‘काळा मसाला’ छापा. खाणारी आपलीच पोरं ना? त्यांना कळतं.

मोहिनी : काहींना तीळ, शेंगदाणे, मोहरी चालत नाही. घसा सुजतो, श्वास कोंडतो. माणूस जातोसुद्धा.

मंगलाबाई : तिळानं? मग संक्रांतीला अख्खं चांदवड रिकामं व्हायला पाहिजे.

मोहिनी : मी थट्टा करत नाहीये.

मंगलाबाई : मीबी नाय. तुझ्या आईनं असंच गोड बोलून नागलीच्या पापडाचं विचारलं होतं. म्हणे, पाहुण्यांना करायचेत. दिवाळीत इंदिरानगरच्या प्रदर्शनात तेच पापड, वर तिचं नाव. मी पैसे देऊन आणले.

मोहिनी : आईचं चुकलंच ते.

मंगलाबाई : आता हा मसाला. धनराज तिकडंच मिक्सर लावंल आन् आत्याला फोटो पाठवंल.

मोहिनी : प्रमाण नको सांगूस. या तिन्हींतलं काय आहे, काय नाही, एवढंच सांग. नाहीतर तुझी पाकिटं मी दुकानात ठेवू देणार नाही.

मंगलाबाई : खरंच मरतं का कुणी?

मोहिनी : हॉस्टेलला माझ्या खोलीतली मुलगी. चटणीत शेंगदाणे होते, तिला माहीत नव्हतं. रिक्षात माझ्या मांडीवर निळी पडली होती. वाचली.

(मंगलाबाई उठून गॅस बंद करतात. चहा गाळतात.)

मंगलाबाई : तीळ हायेत. मोहरीबी. शेंगदाणा नाय.

मोहिनी : बरं झालं सांगितलंस. आणि दगडफूल?

मंगलाबाई : दगडफुलानं घसा सुजतो का?

मोहिनी : नाही.

मंगलाबाई : मग ते कशाला विचारलंस?