कचऱ्याच्या बाईला माझं लुगडं

मुलांनो, आपल्याकडे भंगार न्यायला येणारी सखूबाई तुमच्या आईला आठवत असेल, आणि आपल्या वरच्या खोलीत राहून चित्रकला शिकणारा आफ्रिकेतला जोसेफही. त्या दोघांची ही हकीकत सखूबाईनेच सांगितली. मी फक्त उतरवून घेतली.

मी उमरेडची, बाई. बाप मागावर लुगडी विणे, माग बसला तसं मले नागपुरात देलं, नवरा शहराच्या कचऱ्याच्या गाडीवर, अन् आमची झोपडी त्याच कचऱ्याच्या ढिगाले लागून, म्हणजे दिवसभर लोकायचं उचलायचं अन् आपल्याच दारात आणून टाकायचं. ढीग सदा धुपत राहे. माही शांता त्याच धुरात वाढली, आठ वर्षांची पोर, चार पावलं चालली का छातीचा भाता होऊन जाय. डॉक्टर म्हणे जागा बदला. आता कुठं बदलू, काय सांगू तुमाले.

तुमच्या जोसेफनं मले टायर, पन्न्या म्हणजे पिलाष्टिकच्या पिशव्या, डबे मागितले. मी म्हणलं, काहून गा, तुह्या देशात कचरा नाही का? हासला. म्हणे लय आहे मावशी, तिथंबी ढिगाखालीच माणसं राहतात. मंग चित्र काढ ना त्याचं. म्हणे, चित्र पाहून लोक घरी जातात, मले कचराच उभा करायचा आहे, त्यायच्या वाटेत. मंग पन्न्या पिळून मी विणत गेली, बापाचा हात आला माह्या हातात, अन् आमच्या झोपडीपुढं, ढिगाच्या वाटेवर, दोन पुरुष उंच बाई उभी राहिली, पोटात डबे, छातीत टायर. सोमवारी साहेब लोक ढीग पाहायले येणार होते. जोसेफ म्हणे, हिले पाहून तरी ढीग हलवतील, तवरक सांभाळ. शांताले म्हणलं, सोमवारपर्यंत कळ काढ वं.

पण मले ती उघडी पाहवेना. बाईमाणूस रस्त्यावर अशी? माहं जुनं लुगडं नेसवलं, बांगड्या घातल्या, कुंकू लावलं. जोसेफ नको म्हणे, मी ऐकलं नाही. अन् पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याले, मारबत निघते, शहराची इडापिडा घेऊन जाणारी बाहुली, अन् मोहल्ल्यामोहल्ल्यातले बडगे, म्हणजे तिच्यासंगचे पुतळे, जाळायले लोक दरसाल आमच्याच ढिगावर येत. मी पाण्याले गेली होती. त्यायनं पाहिली, एवढी मोठी, लुगड्यातली, म्हणले हेबी मारबतच, अन् घेऊन जा गे मारबत करत पेटवली. टायर पेटला, बाई. काळा धूर झोपडीत शिरला, अन् शांता आत झोपली होती.

तिसऱ्या दिवशी गेली.

जोसेफ म्हणे, टायर मी मागितले, मावशी. मी म्हणलं, लुगडं माहं होतं. सोमवारी साहेब आले, वाट मोकळी दिसली, गाडीतूनच वळून गेले.

तो त्याच्या देशात गेला, ढीग आता झोपडीच्या वर गेला. मारबत निघते तवा सारं शहर घेऊन जा म्हणते, मी तोंड उघडत नाही. शहराची पिडा वेशीबाहेर नेतात, अन् वेशीबाहेर आमीच राहतो. तुमची नातवंडं लांब आहेत, नाही का? बरं आहे, बाई. त्यायच्या दारी वारा चांगला येवो.