पाचानंतर चार

चाकणच्या बसरांगेत माझ्या पुढे एक बाई आणि कंपनीचा गणवेश घातलेला एक माणूस बोलत होते.

"अजिमभाऊ, लई उपकार झाले तुमचे. लकवा मारल्यापासून दोन महिने ह्यांचा आवाज न्हाई ऐकला आमी."

"उपकार कसले, वहिनी! तो आकडा कोंडाजीनंच मला शिकवलेला, मशीनवर. तोच त्याच्याजवळ बसून रोज म्हणायचो. तीन आठ एक सहा पाच चार सात दोन नऊ."

"एवढं काय हाय त्यात?"

"एक ते नऊ सगळे एकेकदाच येतात. पहिले दोन घेतले, अडतीस, तर दोननं भाग जातो. पहिले तीन घेतले की तीननं, चार घेतले की चारनं. असं थेट नऊपर्यंत. असा आकडा एकच आहे."

"रविवारी मी सैपाक करत व्हते, अन् आतनं आवाज आला, 'चूक!' हातातली परातच पडली माझ्या."

"पाचानंतर चार म्हणायचं, मी दोन म्हणालो. मग सहानं भाग जात नाही ना."

"मुद्दाम चुकलात न्हवं, त्यांनी बोलावं म्हणून?"

"खोटं कशाला सांगू, वहिनी? खरंच विसरलो होतो."

"मग उद्याबी या, भाऊ. अन् असंच विसरत जा."