झुंबरबाईचं नाव मी वाचलं नाही

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शाळेचे व्यवस्थापक आदरणीय फादर रेमंड, मुख्याध्यापिका सिस्टर लीना, नागापूरचा कारखाना सोडून मुद्दाम आलेले प्रमुख पाहुणे माननीय काकासाहेब, माझे सहकारी, पालकवर्ग, आणि दीड तास सतरंजीवर बसून पायाला मुंग्या आलेल्या माझ्या मुलामुलींनो,

चौतीस वर्षं मी या शाळेत मराठी शिकवलं. आज सुटले. मघापासून माझ्याबद्दल इतकं गोड बोललं गेलं, की ही फिलोमिना पाटोळे कोण बाई, असा मलाच प्रश्न पडला. सिस्टर म्हणाल्या, "पाटोळेबाईंनी कधी कुरकुर केली नाही." खरं आहे, नाही केली. आज करणार आहे. ती शाल आणि तो नारळ टेबलावर तसाच राहू द्या, त्याचं नंतर बघू.

नवीन पालकांसाठी सांगते. नोव्हेंबर हा आम्हा कॅथलिकांचा मृतांच्या आठवणीचा महिना. दिवाळीची सुट्टी संपली की पहिल्या सोमवारी आपल्याकडे प्रार्थनासभेत नावं वाचतात. या शाळेसाठी राबून जे देवाघरी गेले, त्यांची नावं. एक नाव, घंटेचा एक टोल, आणि सगळी मुलं म्हणतात, "प्रभू, त्यांना विसावा दे." बावीस वर्षं ती यादी मीच वाचतेय. आवाज खणखणीत म्हणून मला निवडलं होतं. तुम्हाला तो आजही मागच्या भिंतीपर्यंत येतोय ना?

तर यंदाच्या यादीत एक नाव नव्हतं. झुंबरबाईचं.

आपल्या शाळेची मावशी. एकोणतीस वर्षं वर्ग झाडले, संडास धुतले, बालवाडीतल्या पोरांची शेंबडी नाकं पुसली. गेल्या ऑगस्टमध्ये वारली. ती बौद्ध. आपल्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, कधी गुडघे टेकले नाहीत तिनं. पण देवळामागचं मिशनचं कबरस्थान कुणी राखलं? नोव्हेंबरच्या आधी आठ दिवस विळा घेऊन तीच बसायची. तण काढायची, कबरींना चुना द्यायची, आणि देवाघरी गेलेल्या फादरांना चक्क रागवायची. "लई गवात वाढवून ठिवलंय तुमी फादर! जित्यापणी तर अंगन आरशावानी लागायचं तुमाला!" मी हसून लोटपोट व्हायचे.

तिला अक्षर येत नव्हतं. पण एके वर्षी पावसात तीन कबरींवरची अक्षरं पार धुऊन गेली, आणि खाली कोण आहे ते कुणालाच सांगता येईना. त्या काळचं देवळाचं रजिस्टर वाळवीनं खाल्लेलं. त्या वेळच्या मोठ्या फादरांनी डोक्याला हात लावला. तेव्हा झुंबरबाई पुढं झाली. "ह्यो सायकलवाला फादर अंतोन. ही दूध वाटायची ती सिस्टर. अन् कडंचा आपला सुतार इग्नेशस, बाकडी केल्याली त्यानं." पुढं जुनी माणसं गाठून विचारलं, तिन्ही ओळखी बरोबर निघाल्या आणि नावं नव्या रजिस्टरात चढली. ती तीन नावं आजही यादीत आहेत, फादर. तिनं सांगितली म्हणून आहेत. ती स्वतः मात्र नाही.

का नाही? सभेनंतर मी आपले क्लार्क गहिनीनाथ यांना विचारलं. ते म्हणाले, "बाई, यंदापासून यादी देवळाच्या दफन रजिस्टरवरून काढायची, असा आदेश हाय. त्यांना जाळलं नेवाशाच्या अमरधामात. रजिस्टरला न्हाई तर मी काय करू?" गहिनीनाथ, मान वर करा, तुमचा दोष नाही. तुम्ही सांगितलं ते केलंत. मी सांगणाऱ्यांशी बोलतेय.

सिस्टर, असा नियम असेल तर नियमच सही! मग एवढंच सांगा, काकासाहेबांच्या वडिलांचं नाव कोणत्या दफन रजिस्टरात आहे? काकासाहेब, रागावू नका. तुमच्या वडिलांबद्दल मला आदरच आहे. तुम्ही पाण्याचा कूलर दिलात, त्यावर त्यांचं नाव घातलं, पोरं थंड पाणी पितात, देव तुमचं भलं करो. पण ते कधी या फाटकातून आत आले नव्हते, आणि त्यांचं नाव सातव्या नंबरला आहे. त्यांचंही दहन झालं, तिचंही दहन झालं. कूलरला रजिस्टर लागत नाही आणि झाडूला लागतं, हे मला कुणी समजावून सांगेल का? गरज सरो, वैद्य मरो, याला दुसरं काय म्हणतात?

सिस्टर, माईकवाल्याला खुणा करू नका. चौतीस वर्षं मी माईकशिवाय शिकवलंय.

फादरांकडेही गेले होते मी. फादर तेव्हा फोनवर होते. हात वर करून म्हणाले, "बाई, पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी मी कुठं असणार आहे, फादर? दुसऱ्या कुणाला तरी खणखणीत आवाजाचं बघून कागद हातात द्याल. तो कागदावर असेल तेवढंच वाचेल. मग झुंबरबाई गेली ती गेलीच.

हे झालं तुमचं. आता माझं ऐका, कारण मी काही धुतल्या तांदळासारखी नाही.

त्या सोमवारी मी वाचायला उभी राहिले. पहिल्यापासून वाट बघत होते, आता येईल, नंतर येईल. तिचं नाव शेवटी असेल, यंदाचं म्हणून. शेवटचं नाव आलं, टोल पडला, आणि खाली कागद कोरा. माझ्या हातात माईक होता. तीनशे मुलं समोर होती. तोंड उघडून एक नाव घ्यायला किती वेळ लागतो? पण सिस्टर शेजारी उभ्या होत्या, निवृत्तीला महिना उरला होता, म्हटलं कशाला उगाच वाद. कागद मिटला आणि "आमच्या स्वर्गीय बापा" सुरू केलं.

नववीच्या रांगेत झुंबरबाईची नात उभी होती, सृष्टी. शाळा सुटल्यावर ती माझ्याकडे आली. रडत नव्हती, भांडतही नव्हती. तिनं विचारलं, "बाई, आज्जीचं नाव मागच्या पानावर हुतं का?"

आणि मी म्हणाले, "हो गं, उलटायचं राहूनच गेलं."

देवाच्या शाळेत उभी राहून, गळ्यात क्रूस घालून मी त्या लेकराशी खोटं बोलले. ती पोर उलट मलाच म्हणाली, "असू द्या बाई, व्हतं असं कधी कधी." तिनं मला माफ करून टाकलं हो! त्या दिवसापासून घास गोड लागत नाही मला. तुम्ही माझ्या सेवेवर मघाशी भाषणं केलीत ना, त्यात हेही लिहून घ्या. सृष्टी, मागच्या पानावर काही नव्हतं, बाळा. तुझ्या आजीचं नाव या लोकांनी वगळलं आणि मी गप्प बसले.

इथं वक्ते आभार मानतात. मी गहिनीनाथांचे मानते, कारण निदान त्यांनी मला खरं सांगितलं. माझ्या मुलांचे मानते, त्यांनी माझी कटकट सोसली. अध्यक्ष महाराज, माझ्या बोलण्यात कमीजास्त झालं म्हणून तुमची क्षमा मागायची पद्धत आहे. ती मी मागत नाही. सृष्टीची मागते, हात जोडून, सगळ्यांदेखत.

शाल मला नको. माझं एकच काम राहिलंय, ते करून खाली उतरते. मुलांनो, उभे राहा. उत्तर तुम्हाला पाठ आहे. मोठ्या माणसांना उभं राहायचं नसेल तर त्यांनी बसून राहावं, माझी हरकत नाही. घंटा कपाटात कुलूपबंद आहे, असू दे.

झुंबरबाई सहादू भिंगारदिवे.