रांगेपाशी उभा राहणारा

आजच्या सभेचे अध्यक्ष आदरणीय बिशप अंबा बाखूम, आपला निरोप घेऊन मठात राहायला निघालेले आपले धर्मगुरू अबूना सरापामून, व्यासपीठावरचे वडीलधारे, आणि मिन्या शहराच्या या उन्हात चालत आलेल्या माझ्या गावकऱ्यांनो,

मी वनीस. पवित्र भाकरीच्या रांगेपाशी तेवीस वर्षं उभा राहिलो. सकाळपासून पाण्याचा थेंबही न घेतलेल्यानंच पुढे जायचं, हा आपला नियम मी पाळायला लावला. माझ्यामागे तुम्ही मला ‘दुसरा पेत्र’, स्वर्गाच्या किल्ल्या सांभाळणारा, म्हणता, ठाऊक आहे मला. हसा, हसा.

अबूनांविषयी काय बोलावं? मी पापांच्या कबुलीला बसलो की ते विचारायचे, "आणखी काही, वनीस?"

"गाढवाला शिवी दिली, अबूना. बाकी देवाची कृपा."

"आणखी?"

"आणखी काय असणार?" दरवेळी मी गाढवावरच निभावून न्यायचो.

माझा धाकटा भाऊ लबीब तुम्हाला आठवतो. त्याला साखरेचा आजार होता. गोळीपुरतं पाणी घ्यायला अबूनांनीच त्याला परवानगी दिली होती आणि मला ती माहीत होती. तरी झावळ्यांच्या रविवारी, सगळ्यांदेखत, मी विचारलं, "पाणी प्यायलास?"

"गोळी होती रे, दादा."

"मग हो मागे."

का केलं असं? तो स्तोत्र म्हणायला लागला की तुम्ही माना डोलवायचात. मी म्हटलं की खोकायचात. नियमाच्या आडून मी माझी जळफळ शमवून घेतली, दुसरं काही नाही. लबीब पुन्हा चर्चची पायरी चढला नाही. तो अंथरुणाला खिळला तेव्हा अबूना भाकर घेऊन त्याच्या घरी गेले. "दादानं मागे हो म्हटलंय," एवढंच बोलून तो भिंतीकडे वळला. चौथ्या दिवशी आपण त्याला पुरलं.

प्रत्येक मिस्सेच्या उपासनेत अबूना आपल्यापुढे वाकून क्षमा मागतात. मी सगळ्यांत मोठ्यानं म्हणायचो, "देव तुम्हाला क्षमा करो!" जणू माझ्याच खिशातून काढून देतोय. परवा शेवटची मिस्सा झाली. हा म्हातारा माझ्यासमोर आला आणि त्यानं जमिनीला डोकं टेकलं. "लबीबचं मन मला वळवता आलं नाही, वनीस. मला क्षमा कर."

ज्याला स्वतःलाच क्षमा हवी, तो कुठल्या तोंडानं दुसऱ्याला देणार? अबूना, तुमच्या ‘आणखी?’चं उत्तर आज देतोय. उशीर झाला, फार उशीर झाला. परमेश्वरापुढे मी रिकाम्या हातांनी उभा आहे.

बोलू दिलंत, बिशपसाहेबांचा आणि तुम्हा सगळ्यांचा आभारी आहे. काही चुकलं असेल तर पदरात घ्या, असं म्हणून खाली बसायची रीत आहे. पण भाषणातल्या चुकांचं राहू द्या. तिसऱ्या रांगेत लबीबची बायको इरीनी बसली आहे. इरीनी, बाई, माझ्या हातून पाप घडलं. मला क्षमा कर.

उठली ती. अरे, नका, तिला थांबवू नका. दारातले बाजूला व्हा, जाऊ द्या तिला. या देवळात अडवणारा मीच होतो.