सासूबाईंची ओळ

…आणि वर मलाच विचारतात हो, "एवढं बारीक छापतं तरी कोण?" भर दवाखान्यात! ती नर्स तो कागद कधी नाकाशी नेतेय, कधी हात लांब करून धरतेय, खिडकीपाशी जाऊन उजेडात बघतेय आणि म्हणतेय, "मुंग्यांना वाचायला दिलंय का हे?" मी भिंतीला पाठ लावून उभा. शेजारी आमची ही, ती वर पंख्याकडे बघतेय, कारण तिला ठाऊक आहे ना कोण छापतं ते. म्हणजे छापतं मशीन, पण एवढा सगळा मजकूर त्या एवढ्याशा कागदावर बसवला कुणी? मी.

थांबा, पहिल्यापासून सांगतो. तुम्ही गोळ्यांचं खोकं उघडता, आत पट्टी असते, आणि पट्टीला बिलगून एक कागद असतो, घडीवर घडी, पुन्हा घडी. त्याचं तुम्ही काय करता? खरं सांगा, लाजू नका, इथे लाजायला मी बसलोय. फेकता! किंवा टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सारता. तर तो कागद आमच्या प्रेसमध्ये तयार होतो. कंपनी मजकूर पाठवते, मी तो कॉम्प्युटरवर लावतो. मजकूर केवढा म्हणाल तर गोळी कुणी घ्यावी, कुणी घेऊ नये, किती घ्यावी, उपाशीपोटी का घेऊ नये, कशाबरोबर घेऊ नये, घेतल्यावर खाज, पुरळ, सूज, पोटात आग, आणखी काय काय होऊ शकतं… नुसतं लावता लावता माझा हात खाजायला लागतो. आणि कागद? तळहाताएवढा. आमचे मालक मागे येऊन उभे राहतात, खांद्यावरून डोकावतात आणि तो त्यांचा ठरलेला सूर लावतात, "बसतंय का?" मी म्हणतो, बसवतो. अक्षर बारीक करतो, ओळी जवळ ओढतो, समास खातो, आणि बसवतो. गावभरच्या प्रेसमध्ये असा बसवणारा माणूस नाही, असं मालक स्वतः म्हणतात, फक्त पगारवाढीच्या वेळी म्हणत नाहीत.

आता यात माझी चूक काय? काही नाही. चूक पुढे आहे.

चूक अशी, की आमच्या नातेवाइकांत मी औषधातला माणूस म्हणून ओळखला जातो. कसा? सासूबाईंनी केला. लग्न ठरलं तेव्हा कुणीतरी विचारलं, जावई काय करतात, तर मी म्हटलं औषधांचं काम असतं आमच्याकडे, म्हणजे खोटं नाही बोललो, आणि सासूबाईंनी तेवढं उचललं आणि शेजारीपाजारी वाटून टाकलं, "आमचे जावई औषधात आहेत." मी दुरुस्त केलं का? नाही केलं. उलट हळूहळू मला ते मानवायला लागलं! कुणाचं डोकं दुखतंय, मला विचार. कुणाची पाठ धरलीय, मला विचार. मीही काय करायचो, आधी जरा गप्प बसायचो, मग "हं" म्हणायचो, मनगटाला उगाच दोन बोटं लावायचो, आणि कपाटातला माझा डबा काढायचो. डब्यात गोळ्या कुठल्या? ज्यांचा कागद मी लावलाय त्याच. दुसऱ्या प्रेसच्या कागदाची गोळी मी घरात येऊ देत नसे. आपली माणसं सोडून परक्यावर कशाला विश्वास टाकायचा?

तर त्या दिवशी दुपारी सासूबाई आमच्याकडे आलेल्या. गुडघा दुखत होता. मुलाकडे जिना आहे, आमचं घर तळमजल्यावर, म्हणून चार दिवस लेकीकडे. जेवणं झाली, त्या सोफ्यावर पाय लांब करून बसल्या आणि म्हणाल्या, "जावईबापू, तुमच्या डब्यातलं काही द्या ना या गुडघ्याला." अहो, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या पर्समध्येच होत्या त्यांच्या! पण त्यांना माझ्या डब्यातली हवी. माणसाला अजून काय पाहिजे? मी डबा आणला, पांढरी गोळी काढली, पाणी दिलं. आणि मग… हे सांगताना मला आजही खाली बघावं लागतं… मग त्यांनी विचारलं हो. त्यांनी विचारलं! "मला दमा आहे, पंप घेते मी, चालेल ना ही?"

आणि मी काय म्हणालो? "औषधातला माणूस सांगतोय तुम्हाला, बिनधास्त घ्या."

आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, एकदा कागद तरी बघा." मला राग आला. कागद? मला कागद दाखवतेस? अगं, तो कागद मीच लावलाय! जो मजकूर या हातांखालून गेला तो मी पुन्हा घडी उलगडून बघू? आणि खरंच सांगतो, गेला होता. अक्षर न् अक्षर गेलं होतं. पण आमच्या धंद्यात काय होतं, मजकूर आमच्या डोळ्यांपुढून जातो, डोक्यात जात नाही. मला तो कागद आठवतो म्हणजे काय आठवतं, तर उजव्या अंगाला तळाच्या जरा वर एक ओळ जास्त होत होती, ती मी बारीक करून बसवली, एवढं. त्या ओळीत काय होतं? ते कोण बघतं? ओळ बसली का, हे बघायचं. आणि बसवली कुणी? मी.

तासाभराने त्या म्हणाल्या, गुडघा अजून आहे तसाच आहे. कुठला वैद्य तासाभरात हार मानतो? मी डब्यातून दुसरी काढली, गुलाबी. नाव वेगळं, खोकं वेगळं, कंपनी वेगळी, म्हणजे औषध वेगळं असणार, हे माझं शास्त्र. त्यांनी घेतली. का नाही घेणार, औषधातला माणूस देत होता.

मग त्यांचं नाक वाहायला लागलं. मी म्हटलं, सर्दी बाहेर पडतेय. मग डोळे लाल झाले, हात खाजवायला लागल्या, म्हणाल्या, जरा गरम होतंय, खिडकी उघडता का? मी खिडकी उघडली आणि हिला म्हणालो, बघ, गोळी लागू पडतेय! असं म्हणालो मी. तोंडाने म्हणालो. मग त्यांचा वरचा ओठ बघता बघता सुजला आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला, आणि ती बाई, तुम्हाला सांगतो, एवढं होत असताना मलाच धीर देतेय, "काही नाही हो, होईल बरं," आणि पुढचा शब्द बोलायला श्वास नाही. हिने धावत पंप आणून दिला. पंपाने भागेना. मी डब्याकडे बघतोय. हिने तो डबा माझ्या हातातून काढून घेतला, बाजूला ठेवला, आणि जन्मात पहिल्यांदा मला म्हणाली, "तुम्ही आता काही करू नका. फक्त शेजाऱ्यांना सांगा, गाडी काढा." मी काढायला लावली. माझ्या हातून त्या दुपारी झालेलं एवढं एकच बरोबर काम.

गाडीत त्यांचं डोकं हिच्या खांद्यावर, आणि मी पुढे बसून मागे वळून बघतोय, पुन्हा पुढे बघतोय, सिग्नल लाल, आणि माझ्या मनात दुसरं काही नाही, फक्त एवढंच, की ही बाई गेली तर मी हिला तोंड कसं दाखवू? मी हसवतोय तुम्हाला, पण तेव्हा मी त्या सिग्नलला हात जोडत होतो. चारचौघांत जिने मला मोठं केलं तिचा श्वास मी बंद केला होता, आणि तोही फुकट सल्ला देऊन.

दवाखान्यात त्यांना लगेच आत घेतलं, तोंडाला मास्क, हाताला सुई. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, त्यांनी विचारलं, "काय दिलं होतं?" ही माझ्याकडे बघते. मी पांढरं खोकं पुढे केलं. "अजून काही?" मी गुलाबी पुढे केलं. त्यांनी दोन्ही खोकी उलटी करून पाहिली आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "दोन्हीत एकच औषध आहे. नावं फक्त वेगळी आहेत. आणि दमा असलेल्या काही लोकांना या प्रकारची गोळी अजिबात सोसत नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आत कागद असतो, तो तुम्ही कधी बघत नाही का?"

आणि तेव्हाच ती नर्स पांढऱ्या खोक्यातला कागद घेऊन खिडकीपाशी गेली आणि मुंग्यांचं बोलली. मी मनात म्हटलं, निभावतंय. नाही कुणाला कळत. कागदावर कंपनीचं नाव असतं, माझं नसतं. एवढ्यात पलंगावरून आवाज आला. मास्कच्या आतून! धड श्वास येत नाही, ओठ एवढा सुजलेला, आणि सासूबाई बोट उगारून डॉक्टरीणबाईंना म्हणतात, "त्यांना बोलू नका… ते औषधात आहेत."

डॉक्टरीणबाई चमकल्या. "औषधात म्हणजे? औषधाचं दुकान आहे तुमचं?"

नर्स बघतेय. ही बघतेय, पंखा सोडून. सासूबाई मास्कमधून कौतुकाने बघतायत. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ना, मी खाली बघून घेतलं, फरशी चांगली पक्की होती. मी म्हटलं, "नाही. मी औषधात नाही. मी कागदात आहे."

"कागदात?"

मग सांगितलं. सगळं सांगितलं. नर्स एकदा कागदाकडे बघतेय, एकदा माझ्याकडे. डॉक्टरीणबाईंनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी त्यांच्या टेबलावरचं भिंग आणून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, शोधा. आणि मला, मला सापडेना! माझाच कागद! शेवटी उजव्या अंगाला, तळाच्या जरा वर, तीच ती जास्तीची ओळ… "दमा असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये." आणि ती तेवढी बारीक करून तिथे बसवली कुणी? मी.

संध्याकाळपर्यंत त्यांचा श्वास मोकळा झाला. ओठ उतरला. मी पलंगाशेजारी बसलो, त्यांचा हात हातात घेतला, या वेळी मनगटाला बोटं लावली नाहीत, आणि म्हटलं, "आई, ती ओळ होती. मीच बारीक केली होती." त्यांनी थोडा विचार केला. मला वाटलं, आता डबा, जावई, औषध, सगळं एकदम निकालात निघणार. तर त्या म्हणाल्या, "एवढंच ना? मग मोठी करा की."

शब्द दिला मी. दुसऱ्या दिवशी मालकांपुढे उभा. म्हटलं, अक्षर मोठं करायचंय. मालक हसले. "अहो, अक्षर वाढलं की कागद वाढला, कागद वाढला की घडी जाड, घडी जाड झाली की खोकं फुगलं, आणि खोकं फुगलं की कंपनी दुसऱ्या प्रेसकडे गेली. तुम्ही पण जाता का त्यांच्याबरोबर?" मी म्हटलं, सासूबाई मरता मरता राहिल्या हो माझ्या. त्यांचा चेहरा जरा उतरला. त्यांनी कंपनीला फोन केला, पुन्हा केला, पुन्हा केला. कंपनीने बरेच दिवस घोळवलं आणि शेवटी म्हणाली, ठीक आहे, दम्याची ओळ ठळक करा, मोठी करा, पण कागद तेवढाच राहील आणि मजकुरातला एक शब्दही गळता कामा नये. मालक मागे येऊन उभे राहिले, खांद्यावरून डोकावले. "बसतंय का?"

आता तुम्हीच सांगा. कागद तेवढाच, मजकूर तेवढाच, आणि एक ओळ मोठी करायची. तर बाकीच्या ओळींचं काय होणार? झालं. बसवलं.

नवीन खोकं आलं तसा मी कागद घेऊन सासूबाईंकडे गेलो. जिना चढून गेलो. त्यांनी तो चष्म्याशिवाय वाचला, खडाखडा, दमा असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. माझ्याही आलं. त्यांनी तो देवाच्या फोटोजवळ लावला आणि शेजारणीला हाक मारून दाखवला, "ही ओळ जावयांनी माझ्यासाठी छापलीय." मी म्हटलं, चला, फेडलं काहीतरी. आता मान वर करून चालायला हरकत नाही.

तेवढ्यात आतून मेहुणा आला, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात तेच नवीन खोकं, माझ्या कागदाच्या भरवशावर विकत आणलेलं. "दाजी, पाठ धरलीय, दोन घेऊन टाकतो." मी घाईघाईने म्हटलं, अरे, मला विचारू नकोस, डॉक्टरांना विचार, तुझ्या पोटात तो मागे अल्सर झाला होता ना?

"हो, पण मी या वेळी कागद वाचला ना," तो म्हणतो, छाती पुढे काढून. "ठळक फक्त दम्याचं आहे. मला दमा नाही. अल्सरचं काही असतं तर तेही मोठं छापलं नसतं का तुम्ही?"

मी खिशातून भिंग काढलं. हल्ली बाळगतो जवळ. म्हटलं, "लिहिलंय रे, त्यातच कुठेतरी आहे, मीच बसवलंय. ती गोळी खाली ठेव, आणि तो दिवा लाव."