मधोमध धरलेला मीटर

बिदरच्या बसस्टँडवर कलबुर्गीच्या गाडीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर दोघं बोलत होते. एका मंगल कार्यालयाच्या तळघरात हवा खेळवणारे पत्र्याचे डक्ट बसवून आलेले अमृतप्पा, आणि ते काम तपासून आलेल्या इंजिनिअर ज्योत्स्नाबाई.

"अमृतप्पा, डक्टमधल्या वाऱ्याचा वेग कुठं मोजलात?"

"मधोमध, अक्का. मीटर बरोबर मधी धरला."

"आन् कडंला?"

"कडंला कामून मोजायचं? तिथं आकडा कमी येतोय."

"म्हणूनच मोजायचं. पत्र्याला घासून वारा रांगतोय. चार ठिकाणचे आकडे घ्यायचे, सरासरी काढायची, मग डक्टच्या तोंडाच्या क्षेत्रफळानं गुणायचं. तवा कळतंय किती हवा आत जायलीय."

"आमी बी गुणलाव की."

"मधल्या आकड्याला. मांजरेच्या मधल्या धारेत काडी टाकायची, आन् काठचं पाणी बी तसंच पळायलंय म्हणून सांगायचं. लई हुशार."

"हवा कुणाला दिसायलीय, अक्का? मालक खूश हाय."

"मालक वरच्या हापिसात बसतोय, खिडकीपाशी. खाली पाचशे माणसं बसणार."

"बसतेत, जेवतेत, जातेत. श्वास कोण मोजतंय?"

"बरं. तुमच्या लेकीचं, मल्लेश्वरीचं लगीन ठरलं म्हणं. ह्याच कार्यालयात की?"

"न्हाई. मैलूरला मैदानात मांडव टाकायलोत."

"कामून? मालक तर हॉल देतो म्हणला होता."

"देतोय व्हय. पण घरचं कार्य हाय अक्का, तळघरात बाया-लेकरं गुदमरतेत."