मेघनाताई आवाज निवडायची

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. अण्णा, तुम्हाला वाकून नमस्कार.

मी प्रणाली. मांडव्याजवळच्या कोळीवाड्यातली. माझं कामच बोलण्याचं आहे. स्पर्धा सुरू झाली की मी तासन् तास बोलते, दम लागत नाही मला. आणि आज मघापासून या माईकसमोर उभी आहे, तर पहिलं वाक्य सापडत नाहीये. मध्येच थांबले तर सांभाळून घ्या.

आपली मेघनाताई गेली. हे वाक्य मी घरी आरशासमोर म्हणून बघितलं होतं. तिथेही जमलं नव्हतं.

दहाव्याच्या दिवशी अण्णांनी मला बाजूला बोलावलं. तळा तालुक्यातल्या गावात भातशेती केलेला हा माणूस. ताईची आई गेल्यावर शेती मुलाच्या हाती देऊन लेकीसोबत इथे अलिबागला येऊन राहिला. अण्णा मला म्हणाले, "पोरी, माझी लेक नक्की काय काम करायची गं? लोकं इचारतात. मी सांगतो, कंपूटरवर काम हाय. पन खरं सांगू? मला ठाव न्हाय."

अण्णा, आज तेच सांगायला उभी आहे.

मोबाइलवरचे खेळ असतात. तुमच्या घरातली मुलं खेळतात आणि तुम्ही ओरडता, तेच. त्यांच्या आता मोठाल्या स्पर्धा होतात. संघ असतात, पगारी खेळाडू असतात, ते स्टेजवर बसून खेळतात आणि लोक घरोघरी ते बघतात. क्रिकेटला कॉमेंट्री असते तशी याही खेळाला असते. ती कोणी करायची, कोणाच्या शेजारी कोणाला बसवायचं, हे आधी कोणीतरी ठरवतं. ठरवणारं माणूस पडद्यावर कधीच दिसत नाही. ते माणूस म्हणजे आपली ताई. ती आवाज निवडायची.

ऐकायला किती सोपं वाटतं, नाही? ज्याचा आवाज मोठा, जो भराभर बोलतो, त्याला घ्या. पुष्कळ ठिकाणी तसंच घेतात. ताई तसं करायची नाही. मुलं आपापल्या आवाजात एखाद्या सामन्याची कॉमेंट्री करून पाठवायची. ताई पडद्यावर रुमाल टाकायची. आधी नुसतं ऐकायची. खेळ डोळ्यांपुढे उभा राहिला, कोण कुठे लपलंय, कोण धावतंय, कोणाकडे वेळ कमी आहे हे नुसत्या बोलण्यातून कळलं, तरच रुमाल काढायची.

आणि दाराबाहेर अण्णा! त्यांना वाटायचं, पोरगी दिवसभर खोलीत बसून लोकांची भांडणं ऐकते. चहा घेऊन आत यायचे आणि विचारायचे, "आज कोन कोनाला मारतंय?" ताई म्हणायची, "अण्णा, आज सगळेच मेले. चहा ठेवा." हसताय ना? हसा. ताईला आवडलं असतं.

माझी ऑडिशन तिच्या त्या खोलीतच झाली. पहिली फेरी पार झाली की ती प्रत्येकाला एकच सामना द्यायची. चौघांचा संघ. तिघे आधीच बाद झालेत. शेवटचा एकटा मुलगा उरलाय. तो घाबरतो, चुकीच्या बाजूला धावतो आणि सगळा संघ स्पर्धेबाहेर जातो. यावर बोलायचं.

माझ्या आधीच्या मुलाचं मी दारातून ऐकलं होतं. "अरे हा झोपला काय! याला कोणी घेतलं संघात!" आवाज जबरदस्त. मला वाटलं, संपलं, आपण घरी जावं.

मग मी बसले. तो मुलगा एकटा उरला तेव्हा मला काहीतरी झालं. मी म्हटलं, "एकटा राहिलाय. चौघांचं काम एकट्यानं करायचंय. उजवीकडे जा रे बाळा... डावीकडे गेला. गेला. पण संघाला इथवर यानंच आणलं होतं, हे विसरू नका."

ताईनं हेडफोन काढले. म्हणाली, "हे कुठून आणलंस?"

मी म्हटलं, "ताई, आमची बोट हाय. कधी कधी रिकामी येते. रिकामी बोट धक्क्याला लागली की कोनी हसत न्हाय. जाळी उतरवायला हात लावतात."

ताई म्हणाली, "हरणाऱ्या मुलाची आईपण बघत असते गं. तिला ते ऐकवेल का, एवढंच मी ऐकत असते."

अण्णा, तुमची लेक हेच ऐकायची. दिवसभर, दार लावून.

मला घ्यायचं म्हटल्यावर आयोजकांपैकी एक साहेब अडून बसले. म्हणे, "ही मुलगी हाय-न्हाय करते. प्रक्षेपणात बरं दिसणार नाही." ताई म्हणाली, "प्रक्षेपण मराठी आहे ना? मग ती काय बोलते आहे?" विषय संपला. मी तिथेच उभी होते. माझ्यासाठी कोणी असं बोलतंय हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

आता पुढची गोष्ट. ती ज्याची आहे तो इथे मागे बसलाय. त्याला विचारूनच सांगते आहे.

मुंबईत मोठी अंतिम फेरी होती. आयोजकांना कॉमेंट्रीला विक्रांत हवा होता. विक्रांतचं नाव होतं, पाठीमागे चाहत्यांची फौज होती. ताई म्हणाली, "जरूर. पण ऑडिशन सगळ्यांना असते, तशी त्यालाही." तो आला. तोच सामना दिला. तो मुलगा डावीकडे धावला आणि विक्रांत खदखदून हसला. त्याची इतकी नक्कल केली की खोलीतली सगळी माणसं हसली. ताईनं सांगितलं, "नाही."

आयोजक म्हणाले, "मग निवड आम्ही करतो, तुम्ही राहू द्या." ताईला बाजूला केलं. विक्रांतला घेतलं आणि त्याच्या शेजारी मला बसवायचं ठरवलं.

मी ताईकडे आले. रागानं रडत होते. म्हटलं, मी जाणार नाही. ताई माझ्यावर चिडली, खरंच चिडली. "जायचं. तू नाही गेलीस तर त्याच्या शेजारी अजून एक हसणारा बसवतील." दुसऱ्या दिवशी मला सोडायला मांडवा जेट्टीवर आली. बोट सुटेपर्यंत उभी होती. मी गेटवेला चालले होते आणि ज्या बाईनं मला घडवलं ती हात हलवत मागे राहिली होती. काय वाटलं असेल तिला? मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं का? आता कोणाला विचारू?

त्या दिवशी एक मुलगा शेवटच्या क्षणी चुकला. विक्रांत हसला. मी माईकवरच म्हटलं, "त्याच्या जागी मी असते तर मीही तिकडेच धावले असते." तो त्यावरही हसला. सामना गाजला. आयोजक खूश झाले. ताईवाचून कोणाचं काही अडलं नाही. हेही खरं आहे, आणि खरं तेच सांगायला हवं.

मग ताई आजारी पडली. पोटातलं दुखणं आधी अंगावर काढलं. कळलं तेव्हा कर्करोग पसरला होता. मुंबईला उपचार झाले. केस गेले, वजन गेलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, घरी न्या. घरी आल्यावर तिनं पहिली गोष्ट काय मागितली? हेडफोन. मुलांचे आवाज येतच होते, आम्ही काही जण आपल्या स्पर्धांसाठी अजूनही तिच्याकडेच पाठवत होतो. तिच्यानं हात उचलवेना, तेव्हा अण्णा हेडफोन तिच्या कानाशी धरून बसायचे. अण्णा, तुम्हाला ठाऊक नव्हतं ते काय काम आहे. पण शेवटी ते तुम्हीच तिच्याकडून करवून घेतलंत.

त्याच सुमारास विक्रांतकडून थेट प्रक्षेपणात चूक झाली. हरलेला संघच जिंकला म्हणून त्यानं आरडाओरडा केला. तेवढाच तुकडा कापून लोकांनी गावभर फिरवला. जो उठेल तो त्याची नक्कल करायचा. त्याची आई तो व्हिडिओ बघून जेवली नाही. तेव्हा त्यानं ताईला फोन केला. दोघांची ओळख किती? तिनं त्याला नाकारलं होतं, एवढीच. ताई त्याला म्हणाली, "अलिबागला ये."

अण्णांनी दार उघडलं. विक्रांत पलंगावरच्या ताईकडे बघून दारातच थबकला. ताई म्हणाली, "ऑडिशन द्यायला आलास ना? बस."

मी तिथे होते. पुन्हा तोच सामना. आजारी माणसाच्या खोलीत ओरडता येत नाही, म्हणून तो हळू बोलत होता. एवढा हळू बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. तो मुलगा एकटा उरला. विक्रांत म्हणाला, "आता सगळे याच्याकडे बघतायत." आणि त्याला पुढे बोलवेना. मुलगा डावीकडे धावला, बाद झाला. विक्रांतनं त्याचं नाव घेतलं, नीट, पूर्ण. म्हणाला, "घरी जा. जेव. उद्या पुन्हा खेळ."

ताईचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं झोप लागली. तेवढ्यात ती म्हणाली, "प्रणाली, याला तुझ्या शेजारी बसव."

ती ताईची शेवटची निवड.

त्यानंतर ती फार बोलली नाही. एका सकाळी अण्णांनी फोन केला. "पोरी, ये. मेघना उठत न्हाय." मी वाटेत बोलत आले. स्कूटरवर, एकटीच, मोठ्यानं. काय बोलत होते आठवत नाही. बोलणं थांबलं तर ते खरं होईल असं वाटत होतं.

मंडळी, आज सकाळी अण्णा या सभागृहात आले आणि घाबरले. मला म्हणाले, "एवढी मान्सं? आपले पावने तर न्हाईत. कोन हायेत ही?" मलाही सगळे ओळखीचे नव्हते. म्हणून मी दारात उभी राहून एकेकाला विचारलं. कोणी श्रीवर्धनहून आलंय, कोणी पेणहून, कोणी पनवेलहून. एक मुलगी हरिहरेश्वरहून पहाटेची एसटी धरून आली आहे. मी म्हटलं, तुम्ही कोणत्या स्पर्धेत बोलता? ती म्हणाली, "मी नाही बोलत. ताईंनी मला घेतलं नव्हतं."

मग दुसराही तेच म्हणाला. तिसराही.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. ज्यांना घेतलं नाही, त्या प्रत्येकाला ताई स्वतः फोन करायची. काय चांगलं होतं, काय कमी पडलं, नीट समजावून सांगायची. काहींना पुढेही फोन करायची, नोकरीचं काय झालं विचारायला, आईची तब्येत विचारायला. ती मुलगी म्हणाली, "मला नाही म्हणणारे पुष्कळ भेटले. फोन एकट्या ताईंचा आला."

अण्णा, जरा मागे वळून बघा. हे तुमच्या लेकीचे आवाज आहेत. आम्ही निवडलेले मूठभर आहोत. बाकीचं सभागृह तिनं नाकारलेल्यांनी भरलंय.

मी एक विनंती करते. ज्यांना ज्यांना ताईनं नाही म्हटलं होतं, त्यांनी आधी उभं राहावं.

अण्णा, मोजू नका. नुसते बघा.

आता आपण सगळेच उभे राहू या. कोणीही काही बोलायचं नाही.

मेघनाताई, तुला नमस्कार.